खडूची खूण

सकाळी 8:10

शटर अर्ध्यावर अडतं. रोजच अडतं. उरलेलं मिस्त्री खांदा लावून वर ढकलतात आणि मग आतला ग्रीसचा, जुन्या रबराचा, रात्रभर कोंडलेला वास रस्त्यावर येतो.

खामगाव, नांदुरा रस्ता. नोव्हेंबरातला बुधवार. हवेत गारवा आहे. बाजार समितीकडे सोयाबीनच्या पोत्यांचे ट्रॅक्टर चालले आहेत, सगळे एकाच घाईत. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढे दोन गाड्या मावतील एवढी मोकळी जागा. भाडं साडेचार हजार. वीज वेगळी.

नाव विचारलं तर मिस्त्री हसतात. "नाव कायले पायजे? मिस्त्री लिहा. इथं तसंबी कोनाले माह्यं नाव माहीत नाई."

8:30

हाताखालचं पोरगं आलं. वय एकोणीस, रोज साडेतीनशे. आल्या आल्या ते जमिनीवर पाणी शिंपडतं, झाडतं आणि पान्यांची पेटी उघडून सॉकेटच्या गोट्या नंबरवारीनं लावतं. दहा, बारा, चौदा, सतरा, एकोणीस. दहा नंबरची जागा रिकामी. "कालची बोनेटात राह्यली असन," ते म्हणतं. दहाची गोटी कुठल्याच गॅरेजात जागेवर नसते.

पहिलं गिऱ्हाईक रिक्षा. क्लचची केबल. वीस मिनिटं, दीडशे रुपये. चहा दोन, वीस रुपये. दिवस सुरू झाला.

9:20

एक सात सीटर गाडी येते. पिवळी पाटी, 2019 चं मॉडेल, नंबर एमएच-08 चा. मालकच ड्रायव्हर. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. शेगावला येणाऱ्या भाविकांची भाडी मारतात.

"थांबाच्या टायमाले धक्के देऊन रायली, मिस्त्री."

मिस्त्री बोनेट उघडत नाहीत. हात पुसत उभे राहतात आणि विचारतात. मला वाटतं, या धंद्यातलं निम्मं काम इथंच होतं, पान्याला हात लागायच्या आत.

"धक्का कवा देते? रेस देल्यावर का ब्रेक दाबल्यावर?"

"ब्रेकवर."

"सत्तरच्या स्पीडले दाबला तं?"

"मक्खन."

"मंग कवा?"

"पाक थांबाच्या वक्ताले. दहा-पंधरावर आली का पायाखाली कर्र्र करते. जसं कोनी खालून पायडल ढकलून रायलं. अन् गाडी हातभर पुढं सरकते."

"दिवा लागते?"

"तेच तं! दिवा लागत नाई. म्हनून सारे म्हनतात, गाडीत काही नाई."

सारे म्हणजे आधीची दोन गॅरेजं. एकानं ब्रेकचे पॅड बदलले. दुसऱ्यानं डिस्क लेथवर मारून आणल्या. साडेपाच हजार गेले. धक्का तसाच. परवा बस स्टँडसमोर पुढे म्हैस आली, गाडी थांबता थांबता सरकली, बंपर म्हशीला टेकला. म्हशीला काही झालं नाही. मालकाची झोप मात्र गेली. उद्या पहाटे शेगाव स्टेशनवरून पुण्याचं कुटुंब घ्यायचं आहे, लोणार दाखवून आणायचं. भाडं ठरलंय, आगाऊ पैसे आलेत.

डिस्क वाकडी असती तर वेगात थरथर आली असती, स्टिअरिंग हाललं असतं आणि वेग उतरला की थरथरही उतरली असती. इथं उलटं आहे. मिस्त्री हे सगळं बोलून दाखवत नाहीत. नुसतं म्हणतात, "डिस्क फुकट घासली तुमची."

9:45

ट्रायल. मिस्त्री चालवतात, मालक शेजारी, मी मागे. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर साठवरून ब्रेक. गाडी गुमान थांबत येते. आणि शेवटी, स्पीडचा काटा पंधराच्या खाली आला तसं, कर्र्र. पायाखालचा तो आवाज मागच्या सीटपर्यंत येतो. गाडी मान हलवल्यासारखी एकदा, दोनदा हिसका देते आणि थांबायची तिथं न थांबता हातभर पुढे जाते.

पाच वेळा करून पाहिलं. चार वेळा झालं.

"एबीएस," मिस्त्री म्हणतात.

10:10

एबीएसचं काम साधं आहे. जोरात ब्रेक दाबला की चाक जाम होतं, टायर घसरत जातो आणि स्टिअरिंग फिरवून उपयोग राहत नाही. म्हणून प्रत्येक चाकाशी एक सेन्सर. तो चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी रिंगचे दात मोजतो. कॉम्प्युटर चारही चाकांचा हिशोब ठेवतो. एखादं चाक इतरांपेक्षा एकदम मंद झालं की समजतो, हे आता जाम होणार. मग त्या चाकाचं ब्रेकचं प्रेशर क्षणभर सोडतो, पुन्हा धरतो, पुन्हा सोडतो. सेकंदात कितीतरी वेळा. पायाला लागते ती कर्र्र हीच.

1978 साली हे यंत्र इलेक्ट्रॉनिक रूपात जर्मनीतल्या महागड्या मर्सिडीजमध्ये आलं. आपल्याकडे एप्रिल 2018 पासून मोटारींच्या नव्या मॉडेलना आणि एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. त्या गाड्या आता एका हातातून दुसऱ्या हातात विकल्या जात नांदुरा रस्त्यावर पोचल्या आहेत. यंत्र पोचलं, ते दुरुस्त करायचं शिकवायला कोणी आलं नाही. मिस्त्री मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून शिकले. "रातच्याले. जेवण झाल्यावर."

आता फ्यूज. बोनेटखालच्या काळ्या डबीच्या झाकणावर नकाशा असतो, त्यात एबीएस कुठं ते बघायचं. चिमट्यानं फ्यूज उपटला. डॅशवर पिवळा दिवा लागला. साधा ब्रेक चालूच राहतो, फक्त एबीएस झोपतं. गल्लीतच वीसवरून ब्रेक मारला. आवाज नाही. पुन्हा. नाही. सहा वेळा मारला, सहाही वेळा गाडी गप्प उभी राहिली.

मालकाचा चेहरा खुलला. "झालं मंग! ठेवा ना फ्यूज काढूनच. एका गॅरेजवाल्यानंबी हेच सांगतलं होतं."

"अन् बोथ्याच्या घाटात ओल्या रस्त्यावर जोरात दाबा लागला तं? गाडीत सात मानसं हायेत." मिस्त्री फ्यूज परत बसवतात. "पासिंगलेबी दिवा दिसते. मी नाई करत."

मालक गप्प.

10:50

स्कॅनर निघाला. फडक्यात गुंडाळलेला, लहान मुलासारखा. हप्त्यावर घेतलाय, महिना दोन हजार नऊशे, अजून अकरा हप्ते. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर जोडली. एबीएसमध्ये कोड शोधला. स्क्रीनवर आलं, एकही फॉल्ट नाही.

म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी गाडी ठणठणीत. त्याला वाटतं, चाक खरंच जाम होत होतं आणि आपण ते वाचवलं. तो आपल्या कामावर खूश आहे, दिवा कशाला लावेल?

स्कॅनरवर चारही चाकांचा चालू वेग दिसतो. मिस्त्रींनी तो आलेखावर टाकला. मग त्यांनी जे केलं ते मी कुठल्या व्हिडिओत पाहिलेलं नाही. पोराला म्हणाले, "खडू आन."

चारही टायरांच्या बाजूला खडूनं एकेक जाड रेघ. रेघ जमिनीला टेकेल तेव्हा पोरानं ओरडायचं. गाडी चालायची माणसाच्या चालीनं. ब्रेक दाबायचा नाही. स्कॅनर माझ्या मांडीवर.

उजवं पुढचं चाक आधी. पोरगं वाकून गाडीबरोबर चालतंय. "आली... आली... आली." आलेखाची रेघ सरळ. नंतर डावं पुढचं. "आली," आणि जरा वेळानं आलेखात खड्डा. "आली." खड्डा. "आली." खड्डा. दर फेरीला एक, ओरडण्यानंतर दर वेळी तेवढ्याच अंतरानं. बाकीची तीन चाकं सहावर असताना हे एक क्षणभर तिनावर जातं आणि परत सहावर येतं.

गल्लीतली दोन पोरंही मागून "आली, आली" ओरडायला लागली. एक म्हातारी ओट्यावरून विचारते, "काय हरवलं बाप्पा?"

मिस्त्रींनी गाडी बंद केली. "वायर कच्ची असती तं कवाबी पडला असता. फेरीले एकदाच पडते. रिंग हाय."

11:40

जॅक. खाली आधाराला घोडी. जॅकच्या भरवशावर ते हात घालत नाहीत. डाव्या तळहातावर एक जुना व्रण आहे, त्याबद्दल विचारलं तर "जॅक" एवढंच म्हणाले.

चाक निघालं. सेन्सरचा बोल्ट दहा नंबरचा. पोरगं गोटी शोधतंय. बोनेटात नव्हती, त्याच्या पँटच्या खिशात निघाली.

सेन्सर बाहेर आला. टोकाला लोखंडाचा बारीक बुरा चिकटलेला, मिशीसारखा. मालक पुढे वाकले. "हेच असन!"

"बुरा तं सगळ्याच गाड्यांले असते." तरी त्यांनी चिंधीनं पुसून काढला. मग मोबाइलचा टॉर्च आत धरला आणि हब हातानं सावकाश फिरवू लागले. दात सरकतात. दात, फट, दात, फट. काळपट, तेलकट. एका जागी हात थांबला.

"पाहा."

मला काही दिसेना. त्यांनी सुईचं टोक लावून दाखवलं. दोन दातांमधल्या फटीत एक केसाएवढी रेघ, रिंगच्या या काठापासून त्या काठापर्यंत. तिथली फट शेजारच्या फटींपेक्षा जराशी रुंद. फार नाही, पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. सेन्सर आणि रिंग यांच्यात अंतरच जेमतेम मिलिमीटरभर असतं. त्या जागी पुढचा दात यायला उशीर होतो. कॉम्प्युटरला वाटतं चाक मंदावलं.

आणि रेघेच्या खाली, रिंग जिथं एक्सलवर घट्ट बसते तिथं, तांबूस पापुद्रे. गंज. लोखंड गंजलं की फुगतं. आतून फुगलं, वरची रिंग तडकली.

मिस्त्री मागे सरकून नंबरप्लेट बघतात. "एमएच-08. रत्नागिरी. समुद्राची गाडी हाय ही, भाऊ." खामगावात पावसाळ्याचे चार महिने सोडले तर गंजायला पाणीच नाही. गंज गाडीबरोबर आला. कमी किमतीत.

12:15

हब नट. बत्तीसची गोटी, दांड्याला हातभर पाइप. पोरगं ब्रेक दाबून बसलंय, मिस्त्री पाइपवर उभे राहिले. सगळं वजन. एकदा, दोनदा. कडाक. मग कॅलिपर सोडून तारेनं टांगला, नळीवर ताण येऊ नये म्हणून, आणि खालचा बॉल जॉइंट सोडला. हातोडी आणि पितळी तुकडा लावून एक्सल हबमधून मागे ठोकला. पितळ मऊ, आटे चेपत नाहीत. एक्सल गिअरबॉक्समधून उपटायचा नाही. ऑइल सांडतं, सील जातं, खर्च वाढतो.

रिंग आता समोर. मिस्त्री एका दातावर खडूचं टिंब करतात आणि मोजतात. पोरगंही मोजतं, वेगळं, मोठ्यानं नाही. मग दोघं आकडा सांगतात. 48. 48.

आकडा जुळलाच पाहिजे. 44 दातांची रिंगही बसते, दिसते तशीच. पण कॉम्प्युटर रोज म्हणेल की एक चाक कायम हळू फिरतंय.

12:35

फोन. कंपनीच्या दुकानात नुसती रिंग मिळत नाही. अख्खा एक्सल घ्या म्हणतात, नऊ हजारांच्या वर. खामगावातल्या पार्टच्या दुकानात 44 ची आहे. अकोल्याला एकाकडे सुट्ट्या रिंगा असतात. व्हर्नियरनं माप घेतलं, फोटो काढला, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. साडेचारशे. तिकडचं पोरगं ती काळी-पिवळीच्या ड्रायव्हरकडे देईल, बाळापूरमार्गे. त्याचे पन्नास. पैसे मोबाइलवरून गेले.

"तीन वाजतील," मिस्त्री म्हणतात. मालक घड्याळ बघतात आणि रसवंतीकडे निघतात. उसाचा रस या थंडीत कोण पितं? पण बसायला तिथं खुर्ची आहे.

1:30

भरीत, ज्वारीची भाकर, कांद्याची पात. डबा दोघांचा. मलाही अर्धी भाकर. मी नको म्हणून पाहिलं, ऐकलं नाही.

जेवता जेवता एक कॉलेजातला मुलगा मोटारसायकल घेऊन उभा. दीडशे सीसीची. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांनाही त्याच एप्रिल 2019 पासून एबीएस आलं. त्याची तक्रार, मुरमावर जोरात ब्रेक मारला तर लिव्हर बोटाखाली धडधडलं. एबीएस काढून टाका.

मिस्त्री घास गिळून विचारतात, "पडला?"

"नाई."

"रोज धडधडते? साध्या ब्रेकले?"

"नाई, तवाच एकदा."

"मंग घरी जाय."

मुलगा थोडा वेळ उभा राहिला, काही राहिलं असेल म्हणून. काही राहिलं नव्हतं. चेनला तेल मारून दिलं, वीस रुपये.

3:10

काळी-पिवळी थांबते. ड्रायव्हर खिडकीतून वर्तमानपत्राची पुडी फेकतो, पोरगं झेलतं. मिस्त्री आधी दात मोजतात. 48. मग माप.

जुनी रिंग काढायला वेळ लागला नाही. तडकलेल्या जागी छन्नी, एक टोला, रिंग उघडली. तिच्याखालचा गंज मात्र चिवट. आधी तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. पोरगं घासतंय, मिस्त्री बोट फिरवून "अजून" म्हणतात. पाच वेळा "अजून" झालं. खाली पांढरं लोखंड चमकेपर्यंत. गंजाचा एक कण राहिला तर नवी रिंगही वर्षभरात तडकेल.

3:50

नवी रिंग थंड असताना बसत नाही. मुद्दाम घट्ट केलेली असते. हातोडीनं ठोकली तर फुटते, भुकटी दाबून घडवलेलं लोखंड ते, ठिसूळ. म्हणून गरम करायची. गरम झाली की केसभर फुगते.

चहाचा स्टोव्ह, त्यावर लोखंडी तवा. तवा घरचाच, एका बाजूनं चिरलेला, म्हणून गॅरेजात आलेला. रिंग तव्यात. एक्सलच्या रबरी बुटावर पोरानं ओलं फडकं गुंडाळलं. मिस्त्री तव्यावर पाण्याचा थेंब टाकतात. चर्र, आणि उडाला. थांबले. पुन्हा थेंब. आता तो गोळा होऊन तव्यावर नाचू लागला. अजून दोन मिनिटं.

"सरका."

दोन पकडींत रिंग. तीन पावलं. एक्सलच्या टोकावरून आत. क्षणभर ती तिरपी अडकली असं मला वाटलं. मिस्त्रींनी पकडीच्या टोकानं एका बाजूला जरासं टेकवलं आणि ती सरकून खांद्याला जाऊन बसली, टक्. चार श्वासांचा वेळ. तेवढ्यात ती थंड होऊन आवळली. आता ती हातानं हलत नाही.

कोणीच बोललं नाही. मग मिस्त्री म्हणाले, "स्टोव्ह बंद कर. रॉकेल काय फुकट हाय?"

4:40

जुळणी उलट क्रमानं. एक्सल हबात, बॉल जॉइंट, नवा हब नट ऐंशी रुपयांचा, त्याची कड छन्नीनं खाचेत चेपली. सेन्सर. कॅलिपर. चाक. दहाची गोटी या वेळी जागेवर गेली.

पुन्हा खडू. पुन्हा माणसाच्या चालीनं. "आली... आली... आली." चारही रेघा सरळ, एकावर एक, वेगवेगळ्या मोजता येत नाहीत अशा.

5:20

मोकळा रस्ता. साठवरून ब्रेक. पंधरा, दहा, पाच, उभी. काही नाही. मालक म्हणतात, पुन्हा. पुन्हा काही नाही. आठ वेळा झालं.

मग मिस्त्री गाडी मुरमाच्या मैदानात घालतात. मागेपुढे कोणी नाही ना बघतात. चाळीसवर नेऊन ब्रेक दाबून टाकतात, पूर्ण. कर्र्र्र्र. पायाखाली तोच आवाज. मालक दचकून डॅश धरतात.

"आता खरोखरचं हाय," मिस्त्री म्हणतात. उतरून मागे बघायला लावतात. मुरमावर चाकांच्या खुणा, सलग फरफट नाही, तुटक तुटक.

6:10

अंधार पडला. हिशोब बोनेटवर. रिंग 450, आणणावळ 50, नट 80, स्कॅन 400, मजुरी 1,200. एकूण 2,180.

"दोन हजार घ्या, मिस्त्री. आधीच साडेपाच गेले."

"ते मीच घेतले काय?"

"नाई, पन..."

"एकवीसशे द्या."

मालक मोबाइल काढतात. पैसे आल्याचं डबी मोठ्यानं बोलते. गाडी पुढच्या स्पीडब्रेकरपाशी मंद होते, लाल दिवे लागतात, ओलांडते, शेगावच्या बाजूला वळते. तडकलेली रिंग ते घेऊन गेले. आधीच्या गॅरेजवाल्याला दाखवायची म्हणे.

स्विचबोर्डाशेजारच्या भिंतीवर मिस्त्रींनी खडूनं लिहिलेले आकडे आहेत, गाडीचं नाव आणि पुढे दात. आज त्यात एक ओळ वाढली. पोरगं हात धुतंय, साबणाच्या वडीऐवजी सर्फ आणि बारीक वाळू. साडेतीनशे त्याच्या हातात पडले, वर वीस.

"वीस कायचे?"

"खडूची पेटी आनजो उद्या. संपला."

शटर खाली येताना अडत नाही. वर जातानाच अडतं.